घाऊक दुकानाचे कार्ड माझ्या नावावर, खरेदी मात्र पत्नी करते : हे चालते का?

पडवीतला माणूस (गुहागर)

गुहागरजवळ आमची घरगुती खानावळ आहे आणि तिला जोडून पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. अन्नसुरक्षेची नोंदणी माझ्या नावावर आहे. तिच्याच आधारावर नवी मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या घाऊक दुकानाचे सभासद कार्ड मला तीन वर्षांपूर्वी मिळाले. प्रत्यक्षात किराण्याची यादी करणे, मागच्या वेळचे भाव लक्षात ठेवणे आणि माल पारखून घेणे ही सगळी कामे पत्नीची आहेत. तिचे माहेर पनवेलला असल्यामुळे दीड-दोन महिन्यांनी ती तिकडे जाते आणि परतण्यापूर्वी खरेदी उरकते. आंब्याच्या दिवसांत वाडीतला टेम्पो वाशीच्या बाजारात पेट्या उतरवून रिकामा परततो. त्यातल्या पेंढ्यातच तेलाचे डबे आणि तांदळाच्या गोण्या बसवून माल घरी येतो, त्यामुळे वेगळी गाडी करावी लागत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र अडचण झाली. पंधरा लिटरचे सहा डबे, तांदळाच्या सव्वीस किलोच्या चार गोण्या, बेसन, साखर आणि खोल्यांसाठी लागणारे साबण एवढा माल दोन हातगाड्यांवर लादून पत्नी गल्ल्यापाशी पोहोचली, कार्ड दाखवले आणि सारा माल मोजूनही झाला. त्यानंतर नोंदवलेल्या भ्रमणध्वनीवर ओटीपी गेला, म्हणजे माझ्या. मी त्या वेळी परसात नारळ सोलत होतो आणि आमच्या परसात रेंज नसते. ती पडवीच्या पूर्वेकडच्या खांबाजवळ येते आणि तीही वारा असेल तसा तिचा लहरी कारभार. पत्नी पाऊण तास उभी राहिली. अखेर शेजारच्या काकूंना फोन करून तिने मला बोलावून घेतले, तेव्हा कुठे बिल झाले. निघताना तिथल्या व्यवस्थापकांनी तिला स्पष्ट सांगितले की कार्डावर छायाचित्र ज्याचे, खरेदी त्यानेच करायची आणि पुढच्या वेळी ओटीपी आला तरी माल मिळणार नाही.

माझे म्हणणे असे की घर एक, चूल एक, धंदा एक आणि त्या धंद्यातले निम्म्याहून अधिक काम तिचे. मग पती-पत्नीत कार्ड वेगळे कशाला? हा त्या दुकानाचा हट्ट आहे की त्यामागे काही कायदा आहे? पत्नीच्या नावाने दुसरे कार्ड मिळते का? आणि आजवर तिने माझ्या कार्डावर केलेल्या खरेदीत काही बेकायदेशीर झाले असेल का?

वजनकाटा (चिपळूण)

माझे किराणा दुकान आहे आणि अशा दोन ठिकाणची कार्डे मी बरीच वर्षे वापरत आहे. तुमच्या पत्नींना झालेला मनस्ताप खरा आहे, परंतु तो केवळ व्यवस्थापकांच्या स्वभावामुळे झाला असे मला वाटत नाही.

आपल्याकडे ही कार्डवाली घाऊक दुकाने प्रथम परदेशी कंपन्यांनी आणली. मेट्रो या जर्मन कंपनीने पहिले दुकान २००३ मध्ये बंगळुरूला उघडले, वॉलमार्टने २००९ मध्ये अमृतसरला. किरकोळ विक्रीत परदेशी भांडवलाला तेव्हा दार जवळजवळ बंद होते, घाऊक व्यापारात मात्र शंभर टक्के मोकळीक होती. ही मोकळीक देताना सरकारने घाऊक व्यापाराची जी व्याख्या केली, तिच्यात तुमच्या प्रश्नाचे मूळ आहे. विक्री घाऊक की किरकोळ हे मालाच्या प्रमाणावरून ठरत नाही, गिऱ्हाईक कोण यावरून ठरते. पन्नास गोण्या घेणारा घरमालक किरकोळ गिऱ्हाईक ठरतो आणि दोन किलो जिरे घेणारा खानावळवाला घाऊक. (जीएसटीचे तर्कशास्त्र याच्या अगदी उलट आहे. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव, छापील पिशवीतल्या तांदळावर पाच टक्के कर लागतो आणि त्याहून मोठ्या गोणीवर लागत नाही. तुमच्या टेम्पोतली गोणी सव्वीस किलोची का, याचे उत्तर तिथे सापडेल.)

त्यामुळे अशा दुकानाला प्रत्येक गिऱ्हाइकाकडे कर नोंदणी, व्यवसायाचा परवाना किंवा संस्थेची नोंदणी यांपैकी काहीतरी आहे याची खात्री करावी लागते आणि कोणाला, कोणत्या परवान्यावर, किती रकमेचा माल विकला याची रोजच्या रोज नोंद ठेवावी लागते. कार्ड म्हणजे त्या नोंदवहीतली तुमची ओळ. आता मालकी बदलली आहे, वॉलमार्टचा इथला घाऊक व्यवसाय २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि मेट्रोचा २०२३ मध्ये रिलायन्सकडे. पूर्ण भारतीय मालकीच्या दुकानाला परदेशी भांडवलाची ही अट लागू होत नाही, त्यामुळे प्रत्येक साखळीचे नियम सारखे असतीलच असे नाही. सभासदत्वाच्या अर्जामागचा बारीक मजकूर एकदा भिंग लावून वाचा.

आता उपाय. माझ्या दोन्ही कार्डांवर माझ्या मुलाचे नाव 'अधिकृत खरेदीदार' म्हणून आहे. त्यासाठी दुकानाच्या छापील पत्रावर 'खालील व्यक्तीस आमच्या व्यवसायासाठी खरेदी करण्याचा अधिकार देत आहोत' एवढा मजकूर, माझी सही व शिक्का आणि मुलाच्या ओळखपत्राची प्रत दिली. छायाचित्र तिथेच काढले. तुमच्या पत्नींसाठी हेच करा. त्या तुमच्या पत्नी आहेत याला तिथे काहीच महत्त्व नाही; त्या तुमच्या व्यवसायातर्फे आल्या आहेत एवढेच पाहिले जाते. माझ्या हमालाच्या नावाने पत्र दिले असते, तरी ते तितकेच चालले असते.

सातासमुद्रापलीकडचा देवरुखकर

माझी बावीस वर्षे न्यू जर्सीत गेली आणि आता मी देवरुखला परतलो आहे. 'घर एक, चूल एक' हा जो मुद्दा तुम्ही मांडला आहे, तो अमेरिकेतल्या कॉस्टको या सभासदांपुरत्या घाऊक दुकानांत तंतोतंत लागू पडतो. त्यामुळे तिकडे मुले-सुना असलेल्या आपल्या भागातल्या लोकांचा इथे गोंधळ होतो, म्हणून लिहितो.

तिथे सभासदत्व घराला मिळते. मुख्य सभासदाने वर्षाची वर्गणी भरली (१ सप्टेंबर २०२४ पासून साधी वर्गणी ६५ डॉलर आहे, त्यापूर्वी ती ६० होती) की त्याच पत्त्यावर राहणाऱ्या आणखी एका सज्ञान व्यक्तीला दुसरे कार्ड विनाशुल्क मिळते. ती व्यक्ती पत्नी असो, वडील असोत वा खोलीतला मित्र, दुकान नाते विचारत नाही. पत्ता मात्र एकच लागतो. प्रत्येकाच्या कार्डावर त्याचे स्वतःचे छायाचित्र असते. म्हणजे तिथेही नवऱ्याचे कार्ड बायकोने दाखवून चालत नाही. ते चालवण्याची वेळ येऊ नये म्हणून दुसरे कार्ड फुकट दिले आहे. पूर्वी दारावरचा माणूस कार्डाकडे ओझरते पाहून आत सोडत असे आणि आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी एकमेकांची कार्डे घेऊन फिरत. २०२४ मध्ये दाराशी कार्ड वाचणारी यंत्रे बसू लागली, कार्ड लावले की सभासदाचे छायाचित्र कर्मचाऱ्याच्या पडद्यावर येते आणि उसनवारी तिथेच उघडी पडते. सभासदाबरोबर दोन पाहुणे आत जाऊ शकतात, परंतु पैसे सभासदानेच द्यायचे. माझे आईवडील भेटीला आले तेव्हा आई आत भरपूर फिरली. गल्ल्यावर तिने पदराची गाठ सोडली, तेव्हा तिला थांबवावे लागले.

या पद्धतीचा उगमही तुमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. १९७६ मध्ये सॅन डिएगोला प्राइस क्लब नावाचे जे पहिले गोदाम उघडले, तेही आरंभी फक्त छोट्या व्यावसायिकांसाठी होते. पुढे काही ठरावीक नोकरदारांना आणि मग सामान्य घरांना दार उघडले गेले. कॉस्टको १९८३ मध्ये सिएटलला निघाली आणि १९९३ मध्ये दोघी एक झाल्या. आपल्याकडची कार्डवाली दुकाने कायद्यामुळे त्या पहिल्या पायरीवरच राहिली. एवढाच फरक आहे, पण तुमच्या पत्नींना पाऊण तास उभे राहावे लागले ते त्याच फरकामुळे.

भरतीओहोटी

आपण सगळे उगाच फार खोलात शिरत आहोत. आमच्या गावातली दहा माणसे एकाच कार्डावर माल आणतात. ओटीपी सांगायचा आणि मोकळे व्हायचे. दुकानाला विक्री हवी असते, ते कशाला अडवतील?

जमाखर्च (रत्नागिरी)

मी करसल्लागार आहे. वरील प्रतिसादातली पद्धत सर्वत्र आहे हे मला ठाऊक आहे आणि तिचे परिणाम दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याच मेजावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या एका अशिलांनी लग्नघरासाठी म्हणून आपले कार्ड मेहुण्यांना दिले. मेहुण्यांनी ते आणखी एका घरी दिले. अशिलांचे दुकान जीएसटी नोंदणीकृत होते. अशा कार्डावरचे प्रत्येक बिल विक्रेत्याच्या विवरणपत्रातून थेट खरेदीदाराच्या खात्यावर पोर्टलवर उमटते, दुकानदाराने ते आपल्या वहीत लिहिलेले असो वा नसो. वर्षाअखेरीस त्यांच्या नावावर तेलाचे जेवढे डबे चढले होते, तेवढे त्यांनी ना विकले होते, ना ते शिल्लक होते. 'हे डबे कुठे गेले?' हा प्रश्न अधिकाऱ्यांच्या आधी मीच विचारला म्हणून बरे. मग त्या बिलांवरचा कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करून घेण्याचा हक्क सोडून द्यावा लागला आणि खरेदी वेगळी काढून दाखवावी लागली. तो सारा खुलासा लिहिताना आम्हा दोघांचेही दोन दिवस गेले. कार्ड उसने दिले म्हणजे आपली वही उसनी दिली असे समजा.

पत्नीच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. आणलेला माल तुमच्याच खानावळीत शिजत असेल, बिल तुमच्या नावाचे असेल आणि पैसे तुमच्या व्यवसायातून गेले असतील, तर आजवरच्या खरेदीत बेकायदेशीर असे काही झालेले नाही. फार तर दुकानाशी झालेल्या कराराची अट मोडली गेली. पैसे पत्नीच्या खात्यातून गेले असतील, तर ते तिला परत दिल्याची नोंद ठेवा. घरच्या वापराचे साबण-तेल त्याच बिलात आले असेल, तर तेवढी रक्कम व्यवसायाच्या खर्चात धरू नका. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून जीएसटी क्रमांक घेतलेला नसेल, तर खरेदीवरचा कर वजा करून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. क्रमांक घेतला तरी खानावळीला पाच टक्क्यांच्या दरात खरेदीवरचा कर वजा मिळत नाही. किराणा दुकानदाराला कार्ड जपण्याचे जे मोठे कारण आहे, ते तुम्हाला तितके लागू नाही. अधिकृत खरेदीदाराचे पत्र देण्याचा सल्ला योग्यच आहे.

पडवीतला माणूस (गुहागर)

सर्वांचे आभार. पत्र तयार करून ठेवले आहे. परंतु वरचे प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवले, तेव्हा तिने एक वेगळाच प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. ती म्हणाली, 'स्वयंपाक माझा, खरेदी माझी, गिऱ्हाइकांचे फोन मी घेते. मग अधिकृत खरेदीदार मी कशाला व्हायचे? परवानाच माझ्या नावावर का नको?' नोंदणी माझ्या नावावर होण्याचे खरे कारण एवढेच, की त्या दिवशी तालुक्याला मी गेलो होतो. परवाना तिच्या नावावर करता येईल का? आणि कार्डाचे मग काय होईल?

सोलकढी (मालवण)

मी हे केले आहे, तेव्हा अनुभवाने सांगते. पहिली गोष्ट, नाव 'बदलून' मिळत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी धारकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे जाऊ शकते. धारक हयात असताना पत्नीला तिच्या नावाने नवी नोंदणी करावी लागते आणि जुनी परत करावी लागते. जीएसटी क्रमांक असेल, तर तो मालकाच्या पॅनवर असल्यामुळे तोही नवा लागतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते व तिला शुल्क नाही. हे सारे झाले की कार्डही नव्या कागदांवर नवेच काढायचे आणि तुमचे जुने कार्ड परत करायचे.

माझा वेळ गेला तो जागेच्या कागदात. सगळीकडे व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा मागतात. आमचे वीजबिल माझ्या सासऱ्यांच्या नावावर येत असे आणि ते जाऊन अकरा वर्षे झाली होती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर सासरे आणि त्यांचे दोन भाऊ, तर सातबाऱ्यावर एकोणीस नावे, त्यांतली बारा परळ ते विरार या पट्ट्यात पांगलेली. या बारा जणांची ना हरकत मी कुठून आणणार होते? अखेर घरपट्टीवरच्या चुलत सासऱ्यांची संमती, माझ्या नवऱ्याचे संमतिपत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांवर काम झाले, पण त्यासाठी गणपतीत सगळे घरी जमेपर्यंत थांबावे लागले. आरती झाल्यावर, प्रसाद हातात असतानाच मी चुलत सासऱ्यांची सही घेतली. कोकणात हे काम भाद्रपदात ठेवावे. इतर अकरा महिन्यांत सह्या मिळत नाहीत.

फायदा झाला का? झाला. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये 'आई' नावाचे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणले. त्यात महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. परवाना नवऱ्याच्या नावावर असता, तर मला तिथे अर्जच करता आला नसता.

जमाखर्च (रत्नागिरी)

सोलकढी यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो, कारण नाव बदलताना नेमकी इथेच चूक होते. पतीने पत्नीला भेट म्हणून दिलेल्या पैशातून तिने व्यवसाय उभा केला, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात त्यातला नफा आयकरासाठी पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. म्हणून आरंभीचे भांडवल पत्नीच्या स्वतःच्या बचतीतून, बचत गटाच्या कर्जातून किंवा बँकेच्या कर्जातून यावे आणि ते तिच्या खात्यातून गेलेले दिसावे. दुसरे असे, की खोल्या पतीच्या नावावर आणि खानावळ पत्नीच्या नावावर अशी विभागणी करायची असेल, तर ती प्रत्यक्षातही विभागलेली असू द्या. केवळ २० लाखांच्या आत राहण्यासाठी एका चुलीच्या दोन वह्या केल्या, तर त्या टिकत नाहीत.

वजनकाटा (चिपळूण)

नवी कागदपत्रे होईपर्यंत जुने कार्ड बंद करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी तशी घाई केली आणि ऐन मे महिन्यात, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, त्यांना किरकोळ भावाने तेल घ्यावे लागले.

पडवीतला माणूस (गुहागर)

ठरले ते कळवतो. परवान्याचे काम गणपतीनंतर करायचे आहे. घरपट्टीवर आमच्याकडेही तीन नावे आहेत आणि त्यांतले एक काका बोरिवलीला असतात. तोवर अधिकृत खरेदीदाराचा मार्ग धरला आहे. काल आम्ही दोघेही आंब्याच्या टेम्पोतूनच नवी मुंबईला गेलो होतो. पत्र त्यांनी लगेच घेतले. मात्र अर्जात 'व्यवसायातील पद' असा एक रकाना होता आणि त्यात मी 'पत्नी' असे लिहिले. खिडकीतल्या मुलीने कागद परत सरकवला आणि म्हणाली, 'काका, नाते नको, पद लिहा.' मी विचार करत राहिलो. तेवढ्यात पत्नीने पेन घेतले, माझा शब्द खोडला आणि 'व्यवस्थापक' असे लिहून टाकले. खोडाखोड झाल्यामुळे त्यापुढे मला सही करावी लागली.

छायाचित्र तिथेच निघाले. भ्रमणध्वनी क्रमांकही तिचाच दिला आहे, कारण तिच्या फोनला माहेरी आणि दुकानात दोन्हीकडे रेंज असते. त्यामुळे यापुढे मी एकटा खरेदीला गेलो, तर ओटीपी तिच्याकडे जाईल आणि गल्ल्यापाशी उभे राहून तिच्या फोनची वाट मला पाहावी लागेल. तिने तो परसात नेलेला नसला म्हणजे मिळवली.